चाक केवढे असावे?

'चाक' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. मराठीत बैलगाडीचे चाक, सायकलचे चाक, मोटारीचे चाक आणि कुंभाराचे चाक, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. उर्दूत मात्र गाडीला 'पहिया' असतो आणि कुंभाराकडे 'चाक' असते. फारसीतून आलेला 'चर्ख' हा शब्दही याच कुळातला. चर्ख म्हणजे फिरणारे चाक, आणि शायरांच्या भाषेत फिरणारे आकाशही. सूत काढण्याचा 'चरखा' त्यातूनच आला. संस्कृतातले 'चक्र' आणि फारसीतले 'चर्ख' ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. शब्दसुद्धा चाकांसारखे दूरवर फिरून येतात, ते असे.

मी राहते त्या गावाच्या नावातच कुंभार आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव लागते. कुंभाराचे चाक तुम्ही पाहिले असेल. ते चांगले रुंद आणि जड असते. कुंभार काठीने त्याला गती देतो, काठी बाजूला ठेवतो आणि मग दोन्ही हातांनी मातीला आकार देतो. चाक जड असते म्हणूनच ते बराच वेळ आपोआप फिरत राहते. तेच लहान आणि हलके असते, तर मडक्याचा गळा घडायच्या आत थांबले असते. याउलट मनगटी घड्याळातले चाक बोटाच्या नखापेक्षाही लहान असते. त्याला मडके घडवायचे नसते, सेकंद मोजायचे असतात. चाकाचा आकार त्याच्या कामावरून ठरतो. हा नियम किती सोपा आहे! पण आमच्या घरात याच नियमावरून चार दिवस वाद चालला होता.

त्याचे कारण आमची मोटार. मोटार म्हणजे काही मोठी गाडी नव्हे. मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून घेतलेली, दुसऱ्याची वापरून झालेली, लहानशी पांढरी गाडी. ती घेतली मुख्यतः अम्मीसाठी. अम्मीने तिशीहून अधिक वर्षे बिड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. हजार बिड्या पूर्ण झाल्याशिवाय ती उठत नसे. आमची शिक्षणे त्या सुपातूनच झाली. आता तिची कंबर तिला साथ देत नाही. दर महिन्याला तिला सोलापुरात डॉक्टरांकडे न्यावे लागते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला आणि एक गोष्ट बजावून सांगितली, "यांना प्रवासात दणके बसू देऊ नका."

आमच्या भागात ही गोष्ट सोपी नाही. कुंभारीच्या शिवारात बिडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहत आहे. गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेल्या त्या वसाहतीतली घरे २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची योजना इथेच आली. त्यांपैकी १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. इतकी माणसे रोज कामासाठी, बाजारासाठी, शाळेसाठी ये-जा करतात. अक्कलकोटचा मोठा रस्ता चांगला आहे. पण मोठा रस्ता सोडून घराकडे वळले, की मुरूम, खडी, पाइपलाइनसाठी खणलेले चर आणि गतिरोधक सुरू होतात. पावसाळ्यात काळी माती रस्त्यावर येते, तेव्हा खड्डा कुठे आणि डबके कुठे तेही कळत नाही.

गाडी घेतली तेव्हाच तिचे टायर झिजलेले होते. उन्हाळ्यापर्यंत ते अगदी गुळगुळीत झाले. नवे टायर घेणे भाग होते. तेव्हा भाऊ म्हणाला, "आपा, टायर बदलतोच आहोत तर रिमही बदलू. १३ इंची काढून १५ इंची अलॉय बसवू. चाक मोठे म्हणजे खड्ड्यात कमी जाणार. अम्मीलाही बरे आणि गाडीही शोभून दिसेल."

त्याचे शेवटचे वाक्य त्याच्या मनातले पहिले होते, हे मी ओळखले. तरुण माणसाला गाडी देखणी हवी असते, त्यात गैर काही नाही. पण त्याच्या पहिल्या मुद्द्यालाही उत्तर द्यायला हवे होते. मोठे चाक खड्ड्यात खरोखरच कमी जाते का?

अब्बांनी लगेच त्याची बाजू घेतली. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, सोलापुरात टांगा चालवीत. मी तो टांगा पाहिलेला नाही, पण त्याच्या गोष्टी ऐकतच लहान झाले. अब्बा म्हणाले, "टांग्याचे चाक माझ्या छातीपर्यंत येई. बैलगाडीचे चाकही तसेच. जुने लोक वेडे होते का? रस्ता वाईट असेल तर चाक मोठेच हवे."

अब्बांचे म्हणणे चुकीचे नव्हते. लाकडी बैलगाडीचे चाक हा आपल्या सुतार-लोहारांच्या कसबाचा उत्तम नमुना आहे. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले लाकडी कडे आणि त्यावर लोखंडाची पट्टी. या पट्टीला मराठीत फार सुंदर नाव आहे : 'धाव'. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्या पेटवून ती लालबुंद तापवतात. तापली की ती प्रसरण पावते. तशीच ती चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि सगळे चाक करकचून आवळले जाते. एकही खिळा नसताना ती धाव वर्षानुवर्षे निघत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचण्याआधी आपल्या लोहारांनी ते हातांनी जाणले होते.

आता हे चाक इतके मोठे का, ते पाहू. समजा, वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला. टणक चाकाला त्यावर चढावे लागते. चाकाचा व्यास दीड मीटर असेल, तर त्याला दगडावर चढवायला चाकावरच्या भाराच्या सुमारे ३८ टक्के जोर आडवा लावावा लागतो. तेच चाक ५६ सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर सुमारे ६९ टक्के जोर लागतो. म्हणजे दगड तोच, ओझे तेच, पण चाक लहान झाल्याने बैलांचे कष्ट जवळजवळ दुप्पट. खड्ड्याचेही असेच आहे. अरुंद खड्ड्यावरून मोठे चाक पूलासारखे पलीकडे जाते, लहान चाक मात्र आत उतरते. आपल्याकडच्या रिक्षात बसून पाहा. रिक्षाची रिम फक्त ८ इंचांची असते. वसाहतीच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याची खोली ती आपल्याला नीट सांगते!

म्हणजे भाऊ जिंकला म्हणायचे का? तो तर तसेच समजून बसला होता. पण मी गणिताची शिक्षिका. मोजल्याशिवाय उत्तर मान्य करण्याची मला सवय नाही.

प्रत्येक टायरच्या अंगावर त्याचे माप कोरलेले असते. आमच्या टायरवर '१४५/८० आर १३' असे होते. या एका ओळीत तीन प्रकारची मापे आहेत. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही टक्केवारी आहे. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची जी उंची असते, ती रुंदीच्या ८० टक्के आहे, असा तिचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल. टायरच्या आतले धागे कसे विणले आहेत ते त्यावरून कळते. या प्रकारच्या टायरचे पेटंट फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये घेतले. आणि शेवटचे १३ म्हणजे रिमचा व्यास, तो मात्र इंचांत! मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत नांदतात. आमच्या घरात दखनी, उर्दू आणि मराठी नांदतात, तसेच.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी फळ्यावर ही ओळ लिहिली. मुलींना म्हणाले, "या चाकाचा पूर्ण व्यास काढा." थोडा वेळ वर्गात शांतता होती. मग हिशेब सुरू झाला. १४५ चे ८० टक्के म्हणजे ११६ मिलिमीटर. ही झाली एका बाजूची रबराची उंची. ती वरही आहे आणि खालीही आहे, म्हणून दुप्पट : २३२. रिम १३ इंच. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ३३०.२. बेरीज ५६२.२ मिलिमीटर. म्हणजे चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ५६ सेंटिमीटर झाला. परीघ काढला तो सुमारे १७६ सेंटिमीटर आला.

मधल्या सुट्टीत आम्ही पडताळा घेतला. गाडी शाळेच्या मैदानात उभी होती. टायरवर खडूची खूण केली, तिच्याखाली जमिनीवर दुसरी खूण केली. मग मुलींनी गाडी हळूहळू ढकलली आणि चाकाचा एक फेरा पूर्ण झाल्यावर पुन्हा खूण केली. टेपने अंतर मोजले, तर १७० सेंटिमीटरच भरले! मुली गोंधळल्या. एक म्हणाली, "मॅडम, सूत्र चुकले का?" दुसरीने वाकून टायर नीट पाहिला आणि म्हणाली, "सूत्र नाही चुकले. टायर झिजला आहे, आणि गाडीच्या वजनाने खाली दबलाही आहे." मला फार आनंद झाला. पुस्तकातले वर्तुळ कधी झिजत नाही आणि दबत नाही. रस्त्यावरचे वर्तुळ झिजते आणि दबतेही.

हे 'दबणे' हाच आमच्या प्रश्नाचा गाभा होता. लाकडी चाक दबत नाही. म्हणून दगड आला की सगळी गाडी त्या दगडाइतकी वर उचलली जाते आणि पलीकडे धाडकन खाली आदळते. हवा भरलेले टायर तसे करत नाही. लहान दगड ते आपल्या पोटात घेते. दगडापुरतेच रबर आत जाते, गाडी मात्र फारशी उचलली जात नाही.

या हवेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हवेच्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉम्सन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये घेतले होते. पण तेव्हा त्याची कोणाला गरज वाटली नाही आणि ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ मध्ये आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर तयार केले. टणक चाकांवर मुलाला बसणारे दणके त्याला कमी करायचे होते. म्हणजे पाहा, जगभर पसरलेल्या या शोधाच्या मुळाशी एका बापाची माया होती. आपल्याकडे बैलगाडीला रबरी टायर आले, तेव्हा खेड्यांतले लोक तिला 'डनलॉप गाडी' म्हणू लागले. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यावर दिसणाऱ्या टायरगाड्या त्याच. त्यांची चाके जुन्या लाकडी चाकांपेक्षा पुष्कळ लहान असतात, तरी त्या जास्त ऊस वाहतात. चाक लहान झाले आणि ओझे वाढले, हे कसे घडले? हवा मदतीला आली, टायर रुंद असल्याने मातीत कमी रुतू लागला आणि आसाजवळ बेअरिंग आल्याने घर्षण घटले.

आता भावाच्या १५ इंची रिमकडे येऊ. येथे एक गंमत आहे. आपण म्हणतो, "१५ इंची चाक". पण १५ इंच हे चाकाचे माप नाही, ते रिमचे माप आहे. चाकाला फिरायला गाडीच्या अंगात ठरावीकच पोकळी असते. त्या पोकळीत रिम मोठी केली, तर जागा कोणाची जाणार? रबराची, म्हणजेच हवेची.

मी कागदावर तीन हिशेब मांडले. पहिला, आहे तेच ठेवण्याचा : रिम १३, व्यास ५६२ मिलिमीटर, रबराची उंची ११६. दुसरा, एक पायरी वर जाण्याचा : १५५/६५ आर १४. व्यास ५५७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. पण रबराची उंची १०१ पेक्षाही किंचित कमी. तिसरा, भावाच्या मनातला. १५ इंची रिमवर दोन मार्ग होते. १७५/५० चे टायर घेतले, तर व्यास ५५६ राहतो, पण रबराची उंची ८७.५ मिलिमीटरवर येते. म्हणजे अम्मी आणि खड्डा यांच्यामध्ये असलेली हवेची गादी एक इंचाहून थोडी जास्त पातळ होते. आणि गादी जाड हवी म्हणून १७५/६० घेतले, तर व्यास ५९१ होतो. चाक खरोखर मोठे होते; पण मग वळताना किंवा गाडी भरलेली असताना ते आतल्या भागाला घासण्याची भीती.

दुसरीही एक अडचण होती. गाडीचा वेग दाखवणारा काटा रस्ता पाहत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. मूळ चाक एका फेऱ्यात सुमारे १७६ सेंटिमीटर जाते. ५९१ मिलिमीटर व्यासाचे चाक सुमारे १८५ सेंटिमीटर जाते. म्हणजे काट्याच्या हिशेबाने गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तेव्हा चाक बदलण्यापूर्वीच्या मानाने ती प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावेल. पुढे बसलेल्याला ते कळणारही नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ असे सांगते की, कारखान्याने ठरवून दिलेल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाने गाडीत करू नयेत. चालकाच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते. गाडीला कोणत्या मापाचे टायर चालतील आणि त्यांत हवा किती असावी, हे तिच्यावर छापलेले असते. आपण गाणी लावायची बटणे शोधतो, ती पट्टी मात्र वाचत नाही.

एवढे सांगितल्यावर भावाने मला विचारले, "मग कंपन्या मोठ्या रिम का देतात? त्यांना हे कळत नाही का?" प्रश्न अगदी रास्त होता. मोठ्या रिमचेही गुण आहेत. तिच्या आत मोठे ब्रेक बसतात. रबराची उंची कमी असेल, तर वेगात वळताना टायर कमी डोलतो आणि गाडी हातात नीट राहते. रुंद, गुळगुळीत महामार्गावर जड आणि वेगवान गाडीला ते हवेच असते. आज १६, १७ आणि १८ इंची रिमच्या गाड्या रस्त्यावर सर्रास दिसतात, पण त्या गाड्यांचे अंगच मुळात मोठे असते आणि चाकासाठीची पोकळीही मोठी असते. मोठ्या माणसाचा जोडा मोठा असतो, तसेच हे. तोच जोडा लहान मुलाने घातला, तर ते मोठे होत नाही, ते अडखळते.

लहान चाकाचीही काही कारणे असतात. इंग्लंडमध्ये १९५९ साली 'मिनी' नावाची चिमुकली मोटार आली. तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी तिला फक्त १० इंची रिम दिली, कारण त्यांना चाकाची जागा वाचवून ती माणसांना द्यायची होती. आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बॅसडरला १५ इंची रिम होती. पण ती दिसायला तशी मोठी वाटत नसे, कारण तिच्यावर रबराची जाड कड होती. खेड्यातल्या रस्त्यांवर तिचे नाव चांगले होते ते उगाच नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती १२ इंची रिम घेऊन. २००९ मध्ये टाटांची नॅनो आली, तिचीही रिम १२ इंचीच. या गाड्या हलक्या होत्या, स्वस्त होत्या आणि त्यांत चार माणसांना बसायला जागा काढायची होती. १५ इंच शहाणे आणि १२ इंच वेडे, असे काही नाही. कोणासाठी, कोणत्या रस्त्यावर, किती ओझ्याने, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही.

शेवटी आम्ही सगळे अम्मीजवळ बसलो. तिला मिलिमीटर सांगून उपयोग नव्हता. मी दोन उशा आणल्या. एक जाड कापसाची, एक वापरून चपटी झालेली. म्हणाले, "अम्मी, भाऊ म्हणतो ती चाके दिसायला छान आहेत, पण त्यांत उशी पातळ आहे. आपली आहेत ती साधी आहेत, पण उशी जाड आहे." अम्मीने दोन्ही उशांवरून हात फिरवला आणि भावाकडे पाहून हसली. म्हणाली, "बेटा, गाडी बाहेरून लोक बघतात. आत मी बसते."

भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तोच गाडी घेऊन गेला आणि १३ इंची रिमवर बसणारे चार नवे टायर बसवून आला. रिमचे पैसे वाचले, त्यांतले थोडे खर्चून त्याने हवा मोजण्याचे छोटे यंत्रही आणले. हल्ली दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, तो चारही टायरांची हवा तपासतो. हवा कमी असेल तर टायरच्या कडा झिजतात आणि इंधन जास्त लागते. हवा जास्त झाली तर टायर दगडासारखा टणक होतो आणि जाड उशीचा उपयोग संपतो. गाडी चालून तापलेली असताना आतली हवाही तापून दाब वाढतो, म्हणून माप थंड असतानाच घ्यायचे. अब्बा ओट्यावर बसून हे पाहतात आणि म्हणतात, "आमच्या टांग्याला फक्त वंगण लागायचे. तुमच्या चाकाला तर हिशेब लागतो!"

अम्मीची कंबर टायरने बरी झाली, असे मी म्हणणार नाही. ते काम औषधांचे आणि व्यायामाचे. पण आता वसाहतीच्या वळणावर ती पुढच्या सीटची कड घट्ट धरून बसत नाही. खिडकीतून बाहेर पाहते आणि ओळखीच्या बायकांना हात करते. त्या बायका कोणी तेंदूपत्त्याची गाठोडी घेऊन, कोणी वळलेल्या बिड्या घेऊन कारखान्याकडे निघालेल्या असतात. त्यांच्या वाट्याला अजून ८ इंची चाकांची रिक्षाच आहे. त्यांचे दणके कमी व्हायचे असतील, तर चाके बदलून भागणार नाही, रस्ताच नीट व्हायला हवा. चाक आपण निवडू शकतो. रस्ता मात्र सगळ्यांनी मिळून मागावा लागतो आणि सगळ्यांनी मिळून राखावा लागतो.

मुलांनो, तुमच्या घरी मोटार असेल किंवा नसेल, सायकल किंवा मोटारसायकल कोणाकडे तरी असेलच. एकदा तिच्या टायरवरची ओळ वाचून पाहा. खडूची खूण करून तिचा एक फेरा मोजा. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत तिचे चाक किती वेळा फिरते, याचा हिशेब करा. हिशेब जमला की एक प्रश्न स्वतःला विचारा : हे चाक एवढेच का आहे? याहून मोठे का नाही, याहून लहान का नाही? कोणीतरी त्या रस्त्याचा, त्या ओझ्याचा आणि त्यावर बसणाऱ्या माणसाचा विचार करून ते माप ठरवलेले असते. पुढे आयुष्यात घर, कपडे, शिक्षण, नोकरी अशा अनेक गोष्टी तुम्हाला निवडायच्या आहेत. त्या वेळी 'मोठे' आणि 'चांगले' हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, असे समजू नका. मोठे काय ते डोळ्यांना लगेच दिसते. चांगले काय ते मोजावे लागते, विचारावे लागते, आणि आत बसणाऱ्याच्या बाजूने पाहावे लागते.

टायरमधली हवा कोणाला दिसत नाही. चकाकते ती रिम. पण गाडीचा सगळा भार त्या न दिसणाऱ्या हवेनेच पेललेला असतो.